आमची वाटचाल : टेबलं बदलतात, अर्ज तोच

नगरपरिषदांसाठी सॉफ्टवेअर करायला लागलो तेव्हा आमचा पसारा केवढा? दोन भागीदार आणि कोल्हापुरातली भाड्याची खोली. जन्मदाखल्याचा एक प्रोग्रॅम, घरपट्टीचा दुसरा, नळजोडणीचा तिसरा. नवं गाव मिळालं की जुना कोड कॉपी करायचा, बोधचिन्ह बदलायचं आणि मुख्याधिकारी सांगतील तिथे ठिगळ लावायचं. एका गावातली चूक सुधारली की तीच पुन्हा प्रत्येक गावात सुधारत बसायचं.

2015 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. कार्यालयांत कुरकुर सुरू झाली, आम्ही मात्र खूश. अर्जाची पोच द्यायची, ठरल्या मुदतीत पदनिर्देशित, म्हणजे त्या सेवेसाठी नेमून दिलेल्या अधिकाऱ्याने सेवा द्यायची, नाहीतर नाकारल्याचं कारण लेखी कळवायचं. पुढे प्रथम अपील, द्वितीय अपील, मग राज्य सेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती, म्हणजे दंड. दाखला कुठलाही असो, सांगाडा हाच. म्हणजे आमचं डिझाइन राजपत्रातच छापून आलं की!

मग पोच, मुदत, फी, टिपणी, डिजिटल सही एवढा गाभा एकदाच बांधला. कागदपत्रं कोणती, फी किती, दिवस किती, हे सगळं कोडबाहेर काढून तक्त्यात ठेवलं. नवी सेवा सुरू करायची तर कार्यालयातला लिपिकच तक्ता भरतो, आम्हाला फोन करावा लागत नाही. घरपट्टीची आकारणी मात्र मुद्दाम गाभ्याबाहेर ठेवली. कुठे ती भाडेमूल्यावर (घराला किती भाडं येईल त्यावर), कुठे भांडवली मूल्यावर (घराच्या किमतीवर). ते एका साच्यात कोंबणं म्हणजे हट्ट. भागीदाराला हे अजून पटलेलं नाही.

खरा कस लागला तो ‘कोणाकडे’ या प्रश्नावर. अर्ज साहेबांच्या नावाने पाठवला तर बदली झाली की तो त्यांच्या लॉगिनमध्येच अडकतो. म्हणून अर्ज पदाकडे जातो आणि त्या पदावर आज कोण आहे, हे आस्थापना विभाग नोंदवतो. त्यातही अतिरिक्त कार्यभाराची गंमत असते. दाखला नाकारणारा आणि त्यावरचं अपील ऐकणारा, दोन्ही खुर्च्या एकाच माणसाकडे येऊ शकतात. अशा वेळी सिस्टीम अपील अडवते आणि वरच्या कार्यालयाला कळवते. निविदेत हे कोणी मागितलं नव्हतं, पण आम्ही घातलंच.

जुन्या नोंदींनी घाम काढला तो वेगळाच. युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमधली नावं नुसती कॉपी केली तर अक्षरांचा नुसता कचरा. रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला, तरी जोडाक्षरं माणसानेच तपासायची. ते काम आजही गावातल्याच मुलामुलींना देतो. आडनावं त्यांना बघताक्षणी कळतात.

आमची बिलं अजून मार्चअखेरीलाच निघतात. त्यावर कुठलं आर्किटेक्चर चालत नाही. सध्या हाच गाभा ग्रामपंचायतींच्या दाखल्यांसाठी हलका करतोय, नेट गेलं तरी पोच छापता यावी म्हणून.