मर्फींचा सातबारा

आयर्लंडमध्ये मर्फी शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधणं. माझ्या सासूबाईंचं माहेर मर्फी. आजोबा कॉर्ककडून लिव्हरपूलला आले, त्यांचे वडील जेम्स शेतकरी होते, एवढीच शिदोरी. तेवढ्यावर मे महिन्यात त्यांचं मूळ शेत शोधायला आम्ही तिघं डब्लिनमार्गे कॉर्क काउंटीतल्या स्किबरीनला जाऊन आलो.

अर्धं काम घरूनच उरका. 'आयरिश जीनिऑलॉजी' या सरकारी साइटवर जुन्या लग्ननोंदींची पानं फुकट दिसतात. बिगरकॅथलिक लग्नं 1845 पासून, कॅथलिकांची 1864 पासून. नोंदीत दोन्हीकडच्या वडिलांची नावं, त्यांचा धंदा आणि वधूवरांचं राहतं ठिकाण असतं. खेड्यात हे ठिकाण म्हणजे टाउनलँड. नावात टाउन असलं तरी शहराशी संबंध नाही, कधी कधी तिथे दोनच घरं असतात. अख्ख्या आयर्लंड बेटावर असे टाउनलँड 60,000 च्या वर आहेत, तेव्हा नाव हाती लागल्याशिवाय तिकीट काढू नका.

आम्ही महिनाभर जेम्सच्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्याच्या चर्चच्या हद्दीत, लग्न शोधत बसलो. ते लागायचं बहुधा मुलीच्या चर्चमध्ये. मुलीच्या दारी मांडव बघत वाढलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं! शेवटी सापडलं ते फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपासात लग्नं लागत नसत, म्हणून त्याआधी सगळ्यांची झुंबड. वयाच्या रकान्यात नुसतं 'फुल', म्हणजे 21 पूर्ण. 1901 आणि 1911 च्या जनगणनेतली वयंही जपूनच घ्या. 1909 पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागलं आणि आमचा जेम्स दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारा झाला.

त्याआधीच्या जनगणनांचं जवळजवळ काही उरलेलं नाही. काही 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर पेटलं तेव्हा गेल्या, काही सरकारनेच नष्ट केल्या. म्हणून जमिनीचे कागद.

पहिला कागद म्हणजे ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, 1847 ते 1864 मधली करआकारणीची यादी. तीही ऑनलाइन फुकट, नकाशासकट. क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये. आपला एक गुंठा म्हणजे 4 पर्च. शेजारच्या रकान्यात जमीनदार, कारण बहुतेक सगळे कुळंच. आमच्या टाउनलँडमध्ये जॉन मर्फी निघाले दोन: एक 'जॉन (पॅट)', दुसरा 'जॉन (डॅन)'. नवरा गोंधळला. कंसातला बाप मला मात्र लगेच दिसला; आपण तो नावाच्या मधोमध घालतो, एवढाच फरक. (कधी कंसात केसांचा रंगही असतो, सावध राहा.) लग्ननोंदीत जेम्सच्या बापाचं नाव नुसतं जॉन. मग यातला आपला कुठला?

त्याचं उत्तर डब्लिनला कॅन्सल्ड बुक्समध्ये मिळालं. ग्रिफिथनंतर कसणारा बदलला की जुन्या नावावर काट, वर नवं नाव, कडेला साल. दर काही वर्षांनी शाईचा रंग वेगळा. आपलं फेरफार रजिस्टरच म्हणा ना. जॉन (डॅन) लाल शाईने खोडलेला आणि त्याच्यावर तिरक्या अक्षरात जेम्स. सासूबाई भिंग घेऊन त्या रेघेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फार जोरात खोडलंय." ही बुकं बघायला ईमेलने आधी वेळ ठरवा. कडेचं साल मृत्यूचं समजू नका, फेरफार मागाहून व्हायचा. पुढच्या पानांवर 'एल.ए.पी.' (लँड अ‍ॅक्ट पर्चेस) असा शिक्का दिसला तर कुळाने कायद्याखाली जमीन विकत घेतली असं समजा.

कॉर्क ते स्किबरीन 237 नंबरची बस आहे. गावातलं हेरिटेज सेंटर जुन्या गॅसवर्क्समध्ये आहे, दुष्काळाचं प्रदर्शन बघायला अर्धा दिवस ठेवा. टाउनलँडपर्यंत मात्र गाडीच हवी. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, पण रस्ते झुडपांत बुडालेले, समोरून ट्रॅक्टर आला की आपणच मागे जायचं. गमबूट न्या. आणि न विचारता कुणाच्या शेतात शिरू नका, आधी जवळचं घर गाठा.

आम्ही दार वाजवलं. साठीचे एक गृहस्थ बाहेर आले. सासूबाईंनी माहेरचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "कुठले मर्फी? डॅनचे?"

चहा झाला. शेत त्यांच्याच ताब्यात, घराची एक दगडी भिंत अजून उभी आहे. आत जाता आलं नाही, वळू मोकळा सोडला होता. फाटकावरूनच बघितलं.