नवी डिस्क लिनक्सला जोडताना: माझा अनुभव

लिनक्सच्या मशीनमध्ये ४ टीबीची दुसरी डिस्क बसवली. बसवली म्हणजे लगेच फाइली ठेवता येतात असं नाही. सुरुवात जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणाऱ्या 'एलएसबीएलके' या कमांडने केली. कुठली डिस्क जुनी, कुठली नवी, हे आकारावरून आधी पक्कं करून घ्यावं. भलत्याच पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची रचना) बनवली तर तिथला डेटा गेलाच समजा.

पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, जीपीटी प्रकारचंच घेतलं. जुन्या एमबीआर प्रकारात ५१२ बाइटचे सेक्टर असतील तर साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. फाइल सिस्टिमसाठी एक्सएफएसचा विचार केला होता, पण ती वाढवणं सोपं आणि आक्रसणं जवळजवळ अशक्य. म्हणून एक्स्ट४. फाइल सिस्टिम बनवणाऱ्या 'एमकेएफएस'चं काम चटकन उरकलं.

एक्स्ट४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी) राखून ठेवते. सिस्टिमच्या डिस्कवर हे शहाणपणाचं, पण नुसत्या साठवणीच्या ४ टीबीवर सुमारे २०० जीबी अडकवायचे कशाला? 'ट्यून-टू-एफएस'ने ते प्रमाण १ टक्क्यावर आणलं.

माउंटसाठी, म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरला जोडण्यासाठी, रिकामा फोल्डर केला. भरलेल्या फोल्डरवर माउंट केलं तर आतल्या फाइली पुसल्या जात नाहीत, पण अनमाउंट करेपर्यंत दिसत नाहीत. फोल्डरची मालकी मात्र माउंट झाल्यावरच बदलावी. आधी बदललेली उपयोगाची नाही, कारण माउंटनंतर नव्या फाइल सिस्टिमची स्वतःची मालकी लागू होते आणि ती रूटची असते.

एवढ्यावर थांबलं तर रीस्टार्टनंतर माउंट गायब. त्यासाठी 'एफएसटॅब'मध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्याच्या फाइलमध्ये) एक ओळ लिहायची, आणि सगळ्यात जास्त वेळ मी तिथेच घालवला. लिनक्स डिस्कला देतं ते 'एसडीबी' हे नाव कायमचं नसतं, पुढच्या वेळी तीच डिस्क 'एसडीसी' म्हणून उगवू शकते. म्हणून 'बीएलकेआयडी'ने यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांक) काढून तोच लिहिला. सोबत 'नोफेल' हा पर्याय. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) साधारण ९० सेकंद वाट पाहून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, नेते. मशीन दूर कुठेतरी असेल तर मग बसा हात चोळत.

रीस्टार्टची घाई केली नाही. आधी 'फाइंडमाउंट'ला तपासणीचा पर्याय देऊन ती ओळ पडताळली, मग डिस्क अनमाउंट करून 'माउंट' कमांड 'ए' पर्यायासह चालवली. निमूटपणे माउंट झाली, तेव्हाच रीस्टार्ट दिला. डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ'मध्ये एकूण आकार ३.६ टीबी दिसतो, पण जागा कुठे गळालेली नाही: डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, 'डीएफ' १०२४ च्या.