खाडीत थांबलेला ठिपका

सायकल घेऊन आठवडाभर बाहेर पडते म्हटलं की प्रश्न ठरलेले असतात. बूड दुखत नाही का? पंक्चर झालं तर? राहता कुठे? गेल्या काही वर्षांत यात एकाची भर पडली आहे : "घरच्यांना लाइव्ह लोकेशन देऊन ठेवता ना?" बायका हे मला विचारतात. पुरुष बहुतेक वेळा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला विचारतात, जणू मी कुरिअरचं पार्सल आहे.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. देते. पण पहिल्यांदा दिलं तेव्हा जो गोंधळ झाला, त्यानंतर ते कोणाला, कसं आणि किती द्यायचं यावर आमच्या घरी रीतसर बैठक बसली.

ती आमची पहिली मोठी सफर. मैत्रीण आणि मी, दोघी पन्नाशीच्या, मुलुंडच्या. डिसेंबरचा महिना. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि तिथून किनारा धरून खाली तेरेखोलपर्यंत. तेरेखोलची फेरी ओलांडली की समोर गोव्यातलं केरी. या रस्त्याची गंमत म्हणजे तो सारखा खाडीपाशी येऊन संपतो. मग सायकल फेरीबोटीवर चढवायची. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. चढाने पाय मोडून गेलेले असताना बोटीच्या कठड्याला सायकल टेकवून नुसतं वारा खात उभं राहायचं, यासारखं सुख नाही.

सासूबाईंना मात्र पहिल्याच टप्प्याने धास्ती घातली. "रेवसला लाँचने? म्हणजे रामदासच्या वाटेने?" रामदास बोट १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेत बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आई तेव्हा दोन वर्षांच्या. पण त्यांचं माहेर गुहागरजवळचं पालशेत, आणि त्या घरात पुढे कित्येक वर्षं कोणीही मुंबईला निघालं की रामदासचं नाव निघायचंच. "माणूस बोटीत बसला की पोचल्याचं पत्र येईपर्यंत आठ दिवस घरात कोणी मोठ्याने हसायचं नाही," असं त्या सांगतात. यावर नवऱ्याने फोन पुढे केला. "आई, आता पत्र नको. ही बघ, हा निळा ठिपका. ही जाईल तसा हा सरकेल."

आईंनी चष्मा लावला, ठिपका बघितला आणि विचारलं, "आणि थांबला तर?"

त्या वेळी आम्ही हसलो.

पहिली चूक मीच केली. लोकेशन टाकलं ते थेट कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. चौतीस माणसं. पहिल्या दिवशी मजा आली. चौलला पोचले तर दीर विचारतायत, रामेश्वराचं देऊळ बघितलंस का. मुरूडला पोचले तर चुलत नणंद सांगतेय, सुरमई कुठे खायची. दुसऱ्या दिवशी सूर बदलला. "दिघीला चाळीस मिनिटं काय करत होतात?" जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांशेजारी बसलो होतो, दुसरं काही नाही. पण हे फोनवर सांगताना मला उगाच शाळा बुडवून सापडल्यासारखं झालं.

त्याच दुपारी दिवेआगरहून श्रीवर्धनकडे निघालो, शेखाडीच्या रस्त्याने. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना सांगायला नको. समुद्र इतका बिलगून की भरतीचे शिंतोडे येतील असं वाटावं. मैत्रीण म्हणाली, थांबूया. आणि मी म्हणाले, "नको गं, आत्ता थांबलो तर परत फोन येईल." हे तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं. घरापासून इतक्या लांब येऊन मी चौतीस जणांच्या सोयीने पॅडल मारत होते. तरी थांबले नाही, हे त्याहून वाईट. ती जागा अजून राहिलीच आहे.

मग दाभोळचा दिवस. केळशीहून सकाळी सहाला निघालो, अंधारात, दिवे लावून. निघताना ग्रुपवर लोकेशन टाकलं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला तीनच मुदती आहेत : पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास. मी आठ तास निवडले आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलच्या बॅगेत टाकला, आवाज बंद करून. आंजर्ले, हर्णै, लाडघर, कोळथरे असं चढत-उतरत दाभोळच्या जेट्टीवर पोचायला दीड वाजला. बोट सुटली तेव्हा दोनला दोन-चार मिनिटं कमी होती. सहा अधिक आठ किती, हा हिशेब दोघींपैकी एकीनेही केला नव्हता.

मुदत संपली ती वाशिष्ठीच्या खाडीत, बरोबर मध्यावर.

घरी काय दिसलं? पाण्यात एक ठिपका. मग तोही गेला आणि "लाइव्ह लोकेशन संपले" एवढं राहिलं. नवऱ्याने ते अडीचला बघितलं. फोन केला, मी उचलला नाही. आवाज बंद, बॅग बंद, आणि आम्ही धोपाव्याच्या चढावर धापा टाकतोय. मैत्रिणीचा नंबर त्याच्याकडे नव्हता! पंचवीस वर्षांची मैत्रीण, दिवाळीचा फराळ घरी येतो, पण नंबर नाही. चौतीस जण एकाच वेळी काळजी करू लागले की काय होतं ते तेव्हा ग्रुपवर बघायला मिळालं असतं. मी ते रात्री वाचलं. एका भाच्याने खाडीची खोलीसुद्धा शोधून टाकली होती. कशासाठी, देव जाणे.

या सगळ्यात एकट्या आई शांत होत्या. नवरा सांगतो, त्या म्हणाल्या, "पाण्यात दिसतेय म्हणजे बोटीत आहे. पाण्यावर सायकल चालवण्याइतकी काही ती पुढे गेलेली नाही."

शेवटी त्याने कुठून तरी धोपाव्याच्या बाजूचा एक नंबर मिळवला आणि विचारलं, सायकलवाल्या दोन बायका उतरल्या का? पलीकडचा माणूस निवांत होता. "त्या ना? त्या कधीच गेल्या ओ. चढावर सायकली ढकलत नेत होत्या." जीव भांड्यात पडला त्याचा, पण माझी अब्रू गेली. कारण आदल्या रात्रीच मी फुशारकी मारली होती की अख्ख्या रस्त्यात एकदाही उतरून ढकलावी लागलेली नाही.

गुहागरला पाचला पोचून फोन काढला. तेवीस मिस्ड कॉल.

त्या रात्री गुहागरच्या खोलीत बसून मी पहिल्यांदा नीट वाचलं की हे चालतं कसं. खरं तर निघण्याआधी वाचायला हवं होतं. फोनला आपण कुठे आहोत हे कळायला रेंज लागत नाही. तो उपग्रहांचे संदेश नुसते ऐकतो आणि हिशेब करतो. रेंज लागते ती हे घरी कळवायला. म्हणून घाटात किंवा खाडीकाठच्या खोलगट गावात आपल्या नकाशावर आपण मजेत पुढे सरकत असतो आणि घरच्यांच्या नकाशावर तासभर एकाच आंब्याखाली उभे. मग रेंज आली की ठिपका एकदम पाच किलोमीटर उडी मारतो. ही उडी बघून माझ्या जावेने एकदा विचारलं होतं, टेम्पोत बसलात ना गं?

दुसरं म्हणजे बॅटरी. फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालू असलेली अ‍ॅप्स गुपचूप बंद करतो, त्यात लोकेशनही जातं. सेटिंगमध्ये जाऊन त्या एका अ‍ॅपला यातून सूट द्यावी लागते. फोन हँडलवर उन्हात लावला तर तापतो, म्हणून तो बॅगेत आणि पॉवर बँक शेजारी.

आता मी गूगल मॅप्सवरून देते, कारण तिथे आपण बंद करेपर्यंत चालू ठेवता येतं. त्याची एक खोड आहे. समोरच्याला आपल्या फोनची बॅटरीही दिसते. त्यामुळे नवऱ्याचे निरोप असे येतात : "एकतीस टक्के. जेवायला बसशील तिथे चार्जिंगला लाव." संसाराची इतकी वर्षं काढल्यावर माझ्या बॅटरीची चौकशी कोणीतरी करतंय, हेही नसे थोडके.

पण गूगलने काही सुटलं नाही, सुटलं ते बैठकीने. ठिपका तिघांनाच : नवरा, मुलगी आणि मैत्रिणीचा मुलगा. ग्रुपवर रोज रात्री फोटो, तेवढ्यावर भागवा. सकाळी निघताना मी चार ओळी लिहून पाठवते : आज कुठून कुठे, बोट कुठे, रेंज कुठे जाईल असं वाटतं, रात्री कुठे टेकणार आणि तिथला नंबर. दिवसा ठिपका थांबला, उडाला, समुद्रात गेला, काहीही झालं तरी फोन करायचा नाही. संध्याकाळी आठपर्यंत माझा फोन आला नाही, तर मात्र आधी मैत्रिणीला, मग मुक्कामाच्या ठिकाणी आणि तिथूनही पत्ता लागला नाही तर ११२. हे आठ वाजणं नवऱ्याला सुरुवातीला फार जड गेलं. त्याचं म्हणणं, ठिपका दिसतोय तर बघू नको कसं? मी म्हटलं, बघ की. बघायला बंदी नाही, विचारायला आहे.

आमच्या सायकलवाल्यांत उपग्रहावरून निरोप पाठवणाऱ्या यंत्रांची चर्चा निघतेच. परदेशात डोंगरात जाणारे ती सर्रास बाळगतात. आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीवाचून ती बाळगता येत नाहीत, आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना त्यापायी अडवून गुन्हे दाखल झालेले आहेत. तेव्हा पाहुण्याने आणून दिलं तरी घेऊ नका. कोकणात त्याची गरजही नाही. दर दोन-तीन किलोमीटरवर कोणीतरी "कुठून आलात?" विचारायला उभं असतं, आणि ते माणूस पुढच्या गावातल्या पाहुण्याला तुमची खबर आधीच देऊन ठेवतं. धोपाव्याला काय झालं ते सांगितलंच.

लोकेशन सगळ्या जगासाठी उघडं टाकणाऱ्या मुली बघते तेव्हा मात्र पोटात गोळा येतो. आज रात्री कुठल्या गावात, कुठल्या घरी, दोघीच आहोत, हे अनोळखी माणसाला कशाला? मी फोटो एक मुक्काम मागे ठेवून टाकते. गुहागरचे फोटो जयगड ओलांडल्यावर. २०१८ साली स्ट्राव्हा या धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेघांवरून परदेशातले लष्करी तळ उघडे पडले होते. आपण काही लष्करी तळ नाही, पण आपल्या घराचं दार रोजच्या रेघेच्या टोकाशी असतंच. ते टोक लपवायची सोय त्या अ‍ॅपमध्ये आहे, तेवढी वापरा.

आणि परत आल्यावर बंद करायला विसरू नका. ग्रुपवरचं काढलं, पण वाटेत कधीतरी एका भाच्याला मी गूगलचं चालू करून दिलं होतं, ते राहूनच गेलं. एप्रिलमध्ये त्याचा फोन : "मामी, तुम्ही मार्केटात आहात ना? येताना हापूस बघा कसा आहे." चार महिने!

मग इतकं सगळं असताना देतेस कशाला, असंही विचारतात. मैत्रिणीने तर त्या सफरीनंतर देणं बंदच केलं, आणि तिचंही काही अडलेलं नाही.

मी देते त्याचं कारण दाभोळच्या दुसऱ्या दिवशीचं आहे. गुहागरहून सकाळी निघालो. आदल्या रात्रीच्या रामायणानंतर नवऱ्याने शपथेवर सांगितलं होतं की आज फोन करणार नाही. आणि पालशेतच्या बाजारपेठेत शिरतो न शिरतो तोच फोन वाजला. आई. स्वतःच्या फोनवरून, ज्यावरून त्या फक्त वाण्याला आणि डॉक्टरांना फोन करतात.

"पालशेतात आहेस ना? दिसतेयस मला. सायकल सावकाश घे, पुढे उजव्या हाताला एक पाखाडी वर जाते बघ. जांभ्याच्या पायऱ्या. आहे?"

उजव्या हाताला एक मोबाइलचं दुकान होतं. त्याच्या पलीकडे एक रसवंती. मी म्हटलं, नाही दिसत हो आई.

"असेल गं. नीट बघ. तिच्या तोंडाशी बकुळ होती."

माहेरचं घर विकून तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. त्यानंतर त्या तिथे गेलेल्या नाहीत. मी सायकल भिंतीला लावली, मैत्रिणीला पुढे चहा सांगायला पाठवलं आणि फोन कानाला धरून त्या बाजारातून एकदा खाली, एकदा वर अशी फिरू लागले. त्या सांगत होत्या आणि मी बघत होते. दुकान, गिरण, गटार, परत दुकान. दोन घरांच्या फटीत शेवटी पायऱ्या दिसल्या. जांभ्याच्याच, पण मधल्या चार सिमेंटच्या झालेल्या. बकुळ नव्हती. ते सांगायच्या आधी मी पायऱ्या चढायला लागले, सायकलचे बूट, खाली पत्रा असलेले, टकटक वाजत होते.

"चढतेयस का?" त्यांनी विचारलं. त्यांना ते टकटक ऐकू येत असावं.

तेवढ्यात दुसरा फोन मध्ये वाजू लागला. मी कापला. मग निरोप आला. नवरा. सकाळचे नऊसुद्धा झाले नव्हते.

"पंचवीस मिनिटं पालशेतात का थांबलात? पंक्चर?"

मी लिहिलं, "तुझ्या आईला विचार."