आईचं कल्चर

फेब्रुवारी ते मे, चार महिन्यांत आईला तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं. पहिल्या वेळी सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं, तपासणी न करताच. दुसऱ्यांदा मीच जुनी रिकामी स्ट्रिप दाखवून मानेवाड्याच्या एका दुकानातून त्याच गोळ्या आणल्या. त्याची बोच अजून गेलेली नाही.

तिसऱ्या वेळी मामेबहिणीला फोन केला. ती एका मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर पीएचडी करते. तिचं पहिलं वाक्य, "ताई, गोळी देऊ नको. आधी कल्चर." कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायचे. एक जरी डोस पोटात गेला तरी जंतू न वाढल्याने रिपोर्ट कोरा येऊ शकतो. आईला ताप नव्हता, कुशीत दुखत नव्हतं, म्हणून आमचे डॉक्टरही दोन दिवस थांबायला तयार झाले. ताप चढला तर मात्र लगेच यायचं, असं बजावून.

नमुना नीट देणं हे अर्धं काम आहे, हे मला तेव्हा कळलं. आधी साध्या पाण्याने धुवायचं, सुरुवातीची लघवी जाऊ द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही. आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये. बाहेर नागपूरचा मे. डबी टिफिनच्या पिशवीत बर्फात ठेवली, वर वेळ लिहिली आणि स्कूटरवर निघाले. उन्हात तसाच राहिला तर त्यातले फालतू जंतूही भराभर वाढतात आणि रिपोर्ट फसतो.

तिसऱ्या दिवशी बहिणीने प्लेट दाखवली. ती मला जन्मभर आठवेल. काचेच्या बशीत दुधावर साय धरावी तसा जंतूंचा थर, आणि त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या पांढऱ्या टिकल्या, प्रत्येकी 6 मिलिमीटरच्या. काहींभोवती स्वच्छ गोल रिंगण होतं, तिथे जंतू वाढूच शकले नव्हते. सिप्रोच्या टिकलीला मात्र साय अगदी चिकटून होती. दोनदा आईला पाजलेलं औषध हेच. नायट्रोफ्युरॅन्टॉइन या दुसऱ्या औषधाभोवती मोठं रिंगण होतं. ज्याचं रिंगण मोठं ते औषध भारी, असं मला वाटलं, पण तसं नसतं. प्रत्येक औषधाचं माप वेगळं. ई. कोलाय या जंतूसाठी सिप्रोला किमान 26 मिलिमीटर लागतात, नायट्रोफ्युरॅन्टॉइनला 17 पुरतात. म्हणून रिपोर्टवर एस (जंतू औषधाला दाद देतो), आय (मधलं) की आर (दाद देत नाही) ते बघायचं, आणि औषध डॉक्टरांनीच निवडायचं.

रिपोर्टवर ई. कोलाय होता, एका मिलिलिटरमागे 1 लाखाच्या वर, आणि ईएसबीएल. म्हणजे पेनिसिलिन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरिन या गटांतली अँटिबायोटिक्स तोडून टाकणारं एन्झाइम त्याच्याकडे आहे. डॉक्टरांनी आधी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, कारण मूत्रपिंड अधू असलं तर नायट्रोफ्युरॅन्टॉइन लघवीत पुरेसं उतरत नाही. ते ठीक निघालं. पाच दिवसांचा कोर्स झाला आणि जळजळ थांबली.

मग बहीण संमतीपत्र घेऊन घरी आली. आईच्या नमुन्यातला जंतू संशोधनासाठी ठेवायचा होता. आईने चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली.

"माह्यं नाव जाईन का कुठं?"

"नाही आत्या, फक्त नंबर."

"अन् त्या जंतूचं करून काय राहिले तुम्ही?"

बहिणीने समजावलं की 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे दगावल्याचा अंदाज 2022 साली प्रसिद्ध झाला. कोणत्या भागात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे असे नमुने जमवल्याशिवाय कळणारच नाही. आईने थोडा वेळ कागद हातात धरला आणि सही केली.

आता तो जंतू ग्लिसरॉल घातलेल्या बोटाएवढ्या नळीत, उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये आहे. परवा बहीण आली तेव्हा आईने आधी तिला पन्हं दिलं, आणि मग विचारलं, "माही नळी हाये ना अजून?"