बेदाण्यासाठी नवे खरेदीदार शोधताना

आजचा संपूर्ण दिवस सांगली जिल्ह्यातील तासगावच्या बेदाण्यासाठी जिल्ह्याबाहेरचे खरेदीदार शोधण्यात गेला. विकत मिळणाऱ्या ई-मेलच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा दुकानात मांडलेल्या केकच्या आणि बिस्किटांच्या पुड्यांची मागची बाजू वाचणे मला अधिक उपयोगाचे वाटते. घटकांच्या यादीत बेदाणे असतील, तर तो कारखाना बेदाणा घेतो हे तिथेच सिद्ध होते, आणि उत्पादकाचे किंवा ब्रँडमालकाचे नाव, पत्ता व एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक छापणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे.

दुपारनंतर पुण्यातील एका बेकरीला पत्र लिहिले. विषयाच्या ओळीत 'सहकार्याची संधी' असे मोघम न लिहिता 'आपल्या फ्रूट केकसाठी तासगावचा बेदाणा : १ किलो नमुना' असे स्पष्ट लिहिले. पहिल्याच वाक्यात त्यांच्या केकचा उल्लेख केला, कारण आपले उत्पादन हातात घेऊन कुणीतरी लिहिले आहे हे जाणवले, तरच खरेदी विभागातील माणूस पुढे वाचतो. नंतर बेदाण्याची प्रत, ओलाव्याचे प्रमाण, १५ किलोची पेटी आणि शेवटी एकच प्रश्न : नमुना कोणत्या पत्त्यावर पाठवू?

सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाचे उत्पादन म्हणून कायदेशीर ओळख (जीआय) आहे. मात्र ते अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यालाच मालावर वापरता येते, म्हणून आमचा नोंदणी क्रमांकही दिला. दरपत्रक मुद्दाम जोडले नाही; नमुना पाहण्याआधी दराची घासाघीस सुरू झाली की प्रतीचा विषय मागे पडतो. उत्तर न आल्यास आठवड्याने त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण पाठवणार आहे, सोबत हिरव्या व पिवळ्या बेदाण्याचे उजेडात काढलेले फोटो.