वेस्ट हायलँड वे : ठरवले सात दिवस, लागले नऊ

ग्लासगोत मास्टर्सला येऊन आठ महिने झाले होते. मे महिन्यात परीक्षा संपली, प्रबंधाचं खरं काम अजून सुरू व्हायचं होतं, आणि मधे दहा दिवस मोकळे मिळाले. त्या दहा दिवसांत मी पाठीवर तंबू घेऊन एकटीने वेस्ट हायलँड वे चालले. स्कॉटलंडमध्ये शिकणाऱ्या किंवा शिकायला येणाऱ्या कोणालाही ही वाट जमण्यासारखी आहे, आणि आयुष्यात एकदा चालावी अशीच आहे. निघण्याआधी मला जे कोणी सांगायला हवं होतं, ते इथे सगळं लिहिते.

वाट १५४ किलोमीटरची. ऑक्टोबर १९८० मध्ये ती अधिकृतपणे खुली झाली. स्कॉटलंडमधली ही पहिली अधिकृत लांब पल्ल्याची पायवाट. ग्लासगोच्या उत्तरेला मलगाय नावाचं गाव आहे, तिथे सुरुवात. (स्पेलिंग वाचून सगळे नवखे ‘मिल्नगावी’ म्हणतात. तिकीट काढताना ‘मलगाय’ म्हणा.) ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून लोकल गाडीने साधारण अर्धा तास लागतो. शेवट फोर्ट विल्यमला, ब्रिटनमधलं सर्वात उंच शिखर असलेल्या १,३४५ मीटरच्या बेन नेव्हिसच्या पायथ्याशी. षटकोनात थिसलचं काटेरी फूल कोरलेले खांब वाटेवर सगळीकडे आहेत, त्यामुळे रस्ता चुकणं अवघड. दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला. सोपे टप्पे आधी येतात, पाय तयार होतात, आणि वारा बहुतेक वेळा पाठीशी राहतो.

ही वाट मी थेट उठून चालले नाही. ऑक्टोबरपासून विद्यापीठाच्या हिलवॉकिंग क्लबबरोबर दर दोन शनिवारी बाहेर पडत होते. परदेशात शिकायला आलात तर पहिल्या आठवड्यात अशा क्लबात नाव घाला, हा माझा पहिला सल्ला. पावसाळी जाकीट, सॅक, तंबू असं बरंच सामान क्लबकडून वापरायला मिळतं, नाहीतर सगळं विकत घेताना विद्यार्थ्याचं कंबरडं मोडेल. पहिल्या सहलीला मी जीन्स घालून गेले होते. कॉनिक हिल जेमतेम ३६१ मीटर उंच, पण अर्ध्या वाटेत पाऊस आला आणि ओली जीन्स मांड्यांना अशी चिकटली की पाऊल उचलवेना. त्यानंतर डोंगरावर सुती कपडा कधी घातला नाही. सिंथेटिक किंवा लोकरीचे कपडे घ्या आणि वरून वॉटरप्रूफ जाकीट. पँटसुद्धा वॉटरप्रूफ हवीच. लोक तीच विसरतात.

फेब्रुवारीत आम्ही बेन लोमंडला गेलो. ९७४ मीटर, म्हणजे तीन हजार फुटांच्या वरचा, इथल्या भाषेत ‘मन्रो’. असे २८२ मन्रो स्कॉटलंडमध्ये आहेत. आठशे मीटरच्या आसपास बर्फ घट्ट होऊन काचेसारखा झाला होता. आमच्यापैकी कोणाकडेच क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी दात) किंवा बर्फाची कुऱ्हाड नव्हती. माथा समोर दिसत होता, ऊन होतं, आणि आमचा म्होरक्या, माझ्याच वयाचा मुलगा, थांबून म्हणाला, “इथून परत.” मला फार वाईट वाटलं. इतकं चढून आल्यावर परत? बसमध्ये मी गप्प बसले होते. बाकीचे मात्र पुढच्या शनिवारचं ठरवत होते, आणि त्या दिवसाबद्दल हळहळताना मला कोणी दिसलं नाही. हे मी बघून ठेवलं. पचायला तीन महिने लागले.

आता वाट. पहिला दिवस मलगाय ते ड्रायमन, १९ किलोमीटर, जवळजवळ सपाट. दुसऱ्या दिवशी कॉनिक हिल चढून बाल्माहाला उतरायचं आणि लॉख लोमंडच्या (लॉख म्हणजे तळं) काठाने रोवरडेननला. कॉनिक हिलच्या माथ्यावरून तळ्यातल्या बेटांची एका रेषेत गेलेली रांग दिसते. हायलँडची भूगर्भीय सीमारेषा तिथूनच जाते, आणि तिच्या दोन बाजूंची जमीन किती वेगळी आहे ते नुसत्या डोळ्यांना कळतं. मी तिथे तासभर बसले.

तंबूबद्दल इथेच सांगते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे मोकळ्या जागी तंबू ठोकून एक-दोन रात्री राहण्याचा हक्क सर्वांना आहे, अट एवढीच की जबाबदारीने वागायचं आणि मागे काही ठेवायचं नाही. पण लॉख लोमंडच्या पूर्व किनाऱ्याच्या ठरावीक पट्ट्यात १ मार्च ते ३० सप्टेंबर परमिट लागतं. ते आधी ऑनलाइन काढावं लागतं, आणि शनिवार-रविवारचं लवकर संपतं. मी रोवरडेननच्या हॉस्टेलात खाट घेतली होती, तो निर्णय चांगला ठरला, कारण त्या रात्री धो धो पाऊस पडला.

तिसरा दिवस सविस्तर सांगायला हवा. रोवरडेनन ते इन्व्हरारनन, नकाशावर २२ किलोमीटर आणि चढ फारसा नाही. मी नेस्मिथच्या नियमाने हिशोब केला होता. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये हा नियम घालून दिला : पाच किलोमीटरला एक तास, वर दर ३०० मीटर चढाला अर्धा तास. उघड्या डोंगरावर हा हिशोब बरोबर येतो. पण इन्व्हरस्नेडच्या पुढे वाट उरतच नाही. डावीकडे तळ्याचं पाणी, उजवीकडे कातळ, आणि मधे ओक वृक्षांची गाठाळलेली मुळं व घराएवढे दगड. काही ठिकाणी हातांनी धरून उतरावं लागतं. मुळांवर शेवाळ, शेवाळावर रात्रीचा पाऊस. माझ्या पाठीवर १४ किलोंची सॅक होती. एका दगडावरून उतरताना डावा गुडघा आतल्या बाजूला मुरगळला. पडले नाही, पण त्यानंतरचं प्रत्येक पाऊल जाणवत होतं. तीन किलोमीटरला दोन तास लागले.

मागून एक जोडपं आलं, साठीच्या पुढचं. बाईंनी विचारलं, “ठीक आहेस ना?” मी हसून म्हणाले, अगदी ठीक. ते पुढे गेले.

आणखी तासाभराने आर्डलीशला पोचले. तिथे काठावर एक खांब आहे आणि दोरीला बांधलेला मोठा गोळा. पलीकडच्या किनाऱ्यावर आर्डलुई गाव, तिथे हॉटेल आहे, रेल्वे स्टेशन आहे. दोरी ओढून गोळा वर चढवला की पलीकडून होडीवाला बघतो आणि न्यायला येतो. बस, एवढंच. फोन नको, स्पष्टीकरण नको. ती दोरी मी हातात धरली. ओली आणि जाड होती, बोटांना खरखरीत लागली. पलीकडच्या कोणाला माझ्यासाठी उठून यावं लागेल, हा विचार मनात आला आणि मी ती सोडून दिली. पुढे इन्व्हरारननपर्यंतचे साधारण चार किलोमीटर लंगडत गेले. तंबू ठोकला तेव्हा वारा पडला होता आणि मिज आले. मिज म्हणजे इथली चिलटं, टाचणीच्या टोकाएवढी, पण हजारोंनी येतात, आणि कानांत, पापण्यांवर, केसांत शिरून चावतात. डोक्यावरची जाळी सॅकच्या तळाशी होती. (ती वरच्या कप्प्यात ठेवा. वारा असला की मिज उडत नाहीत, म्हणून तंबू आडोशाला लावण्यापेक्षा थोडा वाऱ्यावर लावा. जून ते ऑगस्ट त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो. एप्रिल-मेमध्ये चालणं त्यासाठीच उत्तम.)

चौथ्या दिवशी टिंड्रमला पोचेपर्यंत गुडघा सुजला होता. तिथल्या कॅम्पसाइटवर ते कालचं जोडपं पुन्हा भेटलं. मला चालताना बघून बाई म्हणाल्या, काल तू ठीक नव्हतीस, नाही का? तेव्हा मात्र मी सांगून टाकलं की दुखतंय आणि पुढे जमेल असं वाटत नाही. हे वाक्य त्या देशात मी पहिल्यांदा कोणाला तरी म्हणत होते. वर्गात समजलं नाही तरी मान हलवायची, प्रबंधाच्या गाईडने प्रगती विचारली की “चाललंय” म्हणायचं, घरी फोनवर सगळं छान, असंच आठ महिने चाललं होतं. बाईंनी त्यांच्याकडची क्रेप पट्टी गुडघ्याला कशी बांधायची ते दाखवलं, आणि काकांनी सामान पोचवणाऱ्या सेवेबद्दल सांगितलं. मला ती सेवा माहीत होती. ती आपल्यासाठी नाही, असं मी धरून चालले होते.

पाचवा दिवस टिंड्रमलाच काढला. दुपारी कॅफेत मसुरीचं सूप घेऊन बसले (शाकाहारी असाल तर विचारून घ्या, इथे ते बऱ्याचदा डुकराच्या मांसाच्या स्टॉकमध्ये करतात) आणि तिथूनच गाईडला ईमेल लिहिली. प्रबंधातला सांख्यिकीचा भाग मला दोन महिन्यांपासून कळत नाहीये, एवढंच चार ओळींत. लिहायला पाऊण तास लागला. संध्याकाळी उत्तर आलं : परत आलीस की डेटा घेऊन ये, एकत्र बसून बघू. त्यांना त्यात काही विशेष वाटलेलं नव्हतं. माझ्या छातीवरचं मात्र मणभर ओझं उतरलं.

सहाव्या दिवसापासून मोठी सॅक गाडीने पुढे पाठवली. सकाळी ठरलेल्या जागी ठेवायची, संध्याकाळी मुक्कामाला मिळते. एका टप्प्याला मला पंधरा पाउंडांपेक्षा कमी लागले, आणि हे पैसे पहिल्या दिवसापासून खर्च करायला हवे होते. टिंड्रम ते किंग्जहाउस हा ३० किलोमीटरचा टप्पा बरेच जण एका दिवसात करतात. मी ब्रिज ऑफ ऑर्कीला मुक्काम करून दोन दिवसांत केला. तसंच करा. त्याने रॅनक मूर ताज्या पायांनी चालायला मिळतो. हे माळरान म्हणजे मैलोन्‌मैल दलदल, काळी डबकी, आणि क्षितिजापर्यंत एकही घर नाही. ब्लॅक माउंटच्या कडेने जाणारा जुना दगडी रस्ता टेलफर्ड या जुन्या स्कॉटिश इंजिनिअरच्या काळातला. दगड टणक आहेत, तळवे भाजून निघतात, जाड सोलचे बूट हवेत. मुख्य म्हणजे आडोसा कुठेच नाही. हवा खराब असेल तर निघू नका. मी रोज सकाळी डोंगरी हवामानाचा अंदाज बघत होते. शहराचा अंदाज इथे उपयोगाचा नाही, वरचा वारा त्यात कळत नाही. बा नदीवरच्या पुलाखाली बसून मी पोळीसारख्या गुंडाळलेल्या ब्रेडमध्ये चीज भरून खाल्लं. चंडोल गात होता, बाकी आवाज फक्त पाण्याचा. एकटेपणाची भीती कधी गेली ते मला नक्की सांगता येत नाही, पण त्या पुलाखाली ती नव्हती.

किंग्जहाउसला पहाटे तंबूबाहेर हरणं चरत होती आणि मागे बुआखल एटिव्ह मोरचा त्रिकोणी सुळका गुलाबी झाला होता. तिथून डेव्हिल्स स्टेअरकेस. नाव भीतिदायक, पण अठराव्या शतकात सैनिकांनी बांधलेली ती नागमोडी वाट आहे, साधारण ५५० मीटरपर्यंत जाते, तोच अख्ख्या वाटेचा सर्वात उंच बिंदू. चढ सोपा गेला. किनलॉखलेव्हनपर्यंतचा उतार मात्र समुद्रसपाटीपर्यंत उतरतो आणि गुडघ्यांची परीक्षा बघतो. ट्रेकिंगच्या काठ्या दोन घ्या, एक पुरत नाही.

जेवणाचं सामान ड्रायमन, टिंड्रम आणि किनलॉखलेव्हनला मिळतं. टिंड्रम सोडलं की किनलॉखलेव्हनपर्यंत धड दुकान नाही, दोन-तीन दिवसांचं बरोबर ठेवा. पाणी ओढ्याचं असलं तरी फिल्टरने गाळून घ्या, वर मेंढ्या असतात. रोज झोपण्यापूर्वी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला गोचिडी तपासा. त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. निघण्याआधी इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा एसएमएस ९९९ या इथल्या आपत्कालीन क्रमांकाला पाठवून नोंदणी करा, म्हणजे फोनवर बोलणं होत नाही अशा ठिकाणाहूनही संदेश पाठवून मदत मागता येते. फोन लागला तर ९९९ वर पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ते स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. शिट्टी बरोबर असू द्या : मिनिटात सहा वेळा वाजवली की ती मदतीची हाक समजतात.

नवव्या दिवशी लेरिग मोरच्या लांबच लांब खिंडीतून, मग ग्लेन नेव्हिसच्या जंगलातून फोर्ट विल्यमला पोचले. गॉर्डन स्क्वेअरमध्ये दुखरा पाय चोळत बसलेल्या माणसाचा पुतळा आहे. त्याच्या शेजारी बसून मी बूट काढले.

परतीची गाडी ग्लासगोपर्यंत पावणेचार तास घेते. १६ ते २५ वयोगटाच्या रेलकार्डावर एक तृतीयांश सूट मिळते. डावीकडची खिडकी पकडा, लॉख लोमंड त्या बाजूला येतं. आर्डलुईला गाडी थांबली तेव्हा मी काचेला कपाळ लावून पलीकडचा किनारा शोधला. झाडांमुळे खांब दिसला नाही. धक्क्यावरून एक छोटी होडी मात्र त्या दिशेला निघाली होती.