तक्रार असलेली दिंडी

दिवे घाट लागला आणि माझी छाती धडधडायला लागली. चढामुळे नव्हे, गर्दीमुळे. पुढे माणसं, मागे माणसं, मधूनच बाहेर पडायला वाट नाही. पुणे ते सासवड ही माऊलींच्या पालखीची सगळ्यात लांबची मजल, 30 किलोमीटरच्या वर, आणि घाट येतो तो पाय थकल्यावर.

मी मुळात अबोल. ऑफिसात टीम लीडची जागा निघाली होती. ती मला मनापासून हवी होती आणि मुलाखतीच्या विचारानंच झोप उडाली होती. एकेक वाक्य मनात दहादा घोळवायचं आणि मीटिंगमध्ये गप्प बसायचं, असं कित्येक वर्षं चाललेलं. समुपदेशक ताईंनी माइंडफुलनेसचा सराव दिला होता: विचारांशी भांडायचं नाही, लक्ष अलगद श्वासावर आणायचं. घरी जमायचं. घाटात, टाळ-मृदंगाच्या गजरात, श्वास सापडेचना. मग लक्ष तळपायांवर आणलं. टाच, चवडा. टाच, चवडा. डांबर, खडी, चिखल. शेजारी एक आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालत होत्या. "दमलीस व्हय माऊली? सावकाश चल," एवढंच म्हणाल्या. नाव नाही, गाव नाही, काय करतेस नाही. मला ओळख करून देण्याचंच ओझं वाटतं. ते तिथं कुणी मागितलंच नाही. लाखोंच्या गर्दीत मला हवा तेवढा एकांत मिळाला.

पण खरी गोष्ट घडली तरडगावला, समाजआरतीच्या वेळी. पालखी तळावर आली, दिंड्या भोवती उभ्या राहिल्या, टाळ टिपेला पोचले. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला आणि एका क्षणात सगळं शांत. एका कोपऱ्यात मात्र टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, त्यांना दिसलं नसेल. आजी म्हणाल्या, "त्यांची तक्रार हाय. ऐकल्याबिगर थांबायचे न्हाईत." तशीच रीत आहे. चोपदार दरडावत नाहीत. त्या दिंडीपाशी जातात, काय झालं विचारतात. तसे ते गेले, ऐकून घेतलं, आणि टाळ थांबले. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या, उद्या निघायची वेळ सांगितली, आरती झाली.

मी मात्र त्या टाळांपाशीच अडकले होते. इतकी वर्षं मी माझ्या धडधडीवर नुसता चोप उगारत होते. गप्प बस. सरावसुद्धा मी तिला गप्प करायलाच वापरला होता. त्या रात्री राहुटीत, बायकांच्या घोरण्यात, छातीवर हात ठेवून तिला विचारलं, काय म्हणणं आहे तुझं? उत्तर यायला वेळ लागला. ती जागा मला हवीच होती. भीती वेगळीच होती: लीड झाल्यावर मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांसारखं व्हावं लागेल, आणि मग मी माझी उरणार नाही. हे मी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. ऐकल्यावर धडधड पूर्ण थांबली नाही, पण झोप लागली.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर आजींनी तुळस माझ्या डोक्यावर दिली. चुंबळ नीट बसवली, म्हणाल्या, "मान ताठ ठेव, खाली बघू नको." पितळेचं वृंदावन, ओली माती, चांगलंच वजन. जरा बिचकून चालले की ते डुलायचं. विसाव्यापर्यंत नेलं. तिथं सावलीत बसून फोन काढला आणि ऑफिसचा अर्ज भरला.